मखरातला फायटर

आपल्या जागेत दुसरं कोणी आलेलं खपत नाही, असे आमच्या घरात दोन जीव आहेत. एक मी आणि दुसरा फायटर मासा. दोघांना सांभाळायचं काम एकाच माणसाकडे आहे, आणि त्या माणसाने त्याबद्दल आजवर चकार शब्द काढलेला नाही. तो माणूस म्हणजे माझा नवरा.

मी पेणची. माहेरी कधीकाळी जमिनी होत्या, आता घरातले सगळे मास्तर. मीही रोह्याच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. साठ पोरं गप्प बसवायची म्हणजे आवाज लागतो, आणि तो आवाज घरी येताना शाळेत ठेवून येता येत नाही. हे रोह्याच्या आतल्या एका गावातले, भात आणि वाल पिकवणाऱ्या घरातले. धाटावच्या एका कंपनीत बॉयलरला जाणारं पाणी तपासायचं काम त्यांनी जन्मभर केलं, तिन्ही शिफ्ट केल्या. पाण्यातलं सगळं कळतं, बोलणं मात्र मोजून मापून.

ते निवृत्त झाले तेव्हा वाटलं, आता घरात सोबत होईल. कसलं काय! पहाटे पाचला उठायचे, आंघोळ करून शर्ट घालून तयार व्हायचे आणि रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावातल्या आमच्या ब्लॉकच्या गॅलरीत उभं राहून कंपनीची बस जाताना बघायचे. बस गेली की त्यांचा दिवस संपला. मी म्हणायचे, "अहो, देवळात तरी जाऊन या." ते म्हणायचे, "जाईन गो." जायचे नाहीत. मला खरंच काळजी वाटायला लागली होती.

आमचा गणपती पेणहून येतो. दोन महिने आधी घरचा पाट मूर्तीच्या कारखान्यात नेऊन द्यायचा, सोबत नारळ-सुपारी द्यायची, आणि त्याच पाटावर आपली मूर्ती घडते. त्या वर्षी पाट देऊन आम्ही बाजारात आलो. मी पापड घेत होते. वळून बघते तर हे गायब. शोधलं तेव्हा पलीकडच्या एका दुकानात सापडले. तिथे फळीवर चहाच्या ग्लासाएवढ्या बाटल्या मांडल्या होत्या, प्रत्येकीत एकेक मासा, आणि दोन बाटल्यांच्या मध्ये पुठ्ठा. पुठ्ठा काढला की ते एकमेकांच्या अंगावर धावून जातात म्हणे. हे एका निळ्या माशासमोर वाकून उभे होते.

"एवढ्याशा पाण्यात कसा ऱ्हायचा गो हा?" ते म्हणाले.

कित्येक महिन्यांत एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. मी लगेच म्हटलं, "घ्या."

मासा आणला, काचेचं एक गोल भांडंही आणलं. माझ्या दृष्टीने काम झालं होतं. पण ह्यांनी दुसऱ्याच दिवशी मोबाईलवर वाचायला सुरुवात केली, त्या दुकानदाराला दहा वेळा फोन केला आणि मला सांगितलं की भांडं चालणार नाही. फायटरला निदान बादलीभर, खरं तर त्याहून जास्त पाणी लागतं. वर झाकण लागतं, कारण तो उडी मारतो. झाकण आणि पाणी यांच्यामध्ये चार बोटं हवा लागते, कारण तो वर येऊन हवेचा घोट घेतो. पाणी खळखळलेलं त्याला आवडत नाही, त्याच्या शेपटीला ते झेपत नाही. मी म्हटलं, "एवढं तर तुम्ही लग्नात माझंसुद्धा विचारलं नव्हतं." ते हसले. ते हसले हे मला फार बरं वाटलं.

मग दीड फुटाची टाकी आली, तिच्यात हळू चालणारा फिल्टर आला. टाकीतलं पाणी आधी काही आठवडे मुरवावं लागतं, लोणच्यासारखं. तोपर्यंत मासा त्या गोल भांड्यात राहिला, आणि हे रोज सकाळी त्यातलं थोडं पाणी काढून नवं घालत. नवं म्हणजे नळाचं थेट नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं म्हणून आदल्या दिवशी भरून उघडी ठेवलेली बादली. त्या बादलीवर "हात लावू नये" अशी चिठ्ठी होती. घरात आम्ही दोघंच, म्हणजे चिठ्ठी कोणासाठी होती ते उघड आहे.

खाण्यावरून आमची थोडी जुंपली. सकाळी तीन दाणे, संध्याकाळी तीन दाणे, आणि शनिवारी कडकडीत उपास. मी म्हटलं, "पाहुण्याला आपण तीन दाण्यांवर ठेवतो, लोकांना कळलं तर काय म्हणतील?" आणि हे बाहेर गेले की मी आणखी चार दाणे टाकायची. आठवड्यात माशाचं पोट फुगलं. ह्यांनी भिंग घेऊन त्याला बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "त्याचं पोट त्याच्या डोळ्याएवढं हाय. तुझ्या मनाएवढं नाय." मग दोन दिवस उपास घडला आणि पोट उतरलं. आता डबा त्यांच्या कपाटात असतो.

बदामाच्या पानांचंही तसंच. आपल्याकडे शाळेच्या मैदानात, रस्त्याकडेला जो देशी बदाम असतो, त्याची वाळून गळलेली पानं माशाच्या पाण्यात टाकली की पाण्याला कोऱ्या चहाचा रंग येतो, आणि फायटरला ते मानवतं. मी जन्मभर शाळेत ती पानं पोरांकडून झाडून घेतली. आता निवृत्त झाल्यावर पिशवी घेऊन तीच पानं वेचत होते. जुना शिपाई फाटकातून बघत होता, त्याने काही विचारलं नाही, माझी ख्याती त्याला माहीत होती.

महिन्याभरात घर बदललं. पहाटे पाचला उठणं तेच, पण आता पाण्याचं तापमान बघायचं, उद्याची बादली भरायची, फिल्टरचा स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळायचा. बस कधी जाते हे ह्यांना कळेनासं झालं. मासाही ओळखायला लागला. मी समोर गेले तर ढिम्म, हे गेले की पंख पसरून काचेशी येऊन नाचायचा. आणि हे त्याच्याशी बोलायचे. माझ्याशी जन्मात बोलले नसतील एवढं.

मग चतुर्थी आली.

इथे माझ्या स्वभावाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. एकदा प्राणप्रतिष्ठा झाली की उत्तरपूजेपर्यंत मखरातली काडीसुद्धा हलवायची नाही, हा आमच्या घरातला नियम, आणि तो पाळून घेणारी मी. आमचा गणपती गौरींबरोबर जातो. एका वर्षी आरास करताना ह्यांनी चष्मा काढून मखरात, मूर्तीच्या मागे ठेवला. पूजा झाली, आणि मग त्यांना चष्म्याची आठवण आली. मी म्हटलं, "आता गौरी गेल्यावर." ते सगळे दिवस हे जुन्या, काडी मोडलेल्या चष्म्याला दोरा बांधून शिफ्टला गेले. ही गोष्ट मी नंतर कित्येक वर्षं पाहुण्यांना हसून सांगायची. हेही हसायचे.

तर मासा आला त्या वर्षीच्या चतुर्थीला मी समुद्राची आरास केली होती. निळे कागद, शिंपले, मधोमध मूर्ती. आणि माझ्या डोक्यात आलं की खरा मासा हवा. टाकी मखरात मावेना, म्हणून मी माळ्यावरचं ते गोल भांडं काढलं.

"नको गो," हे म्हणाले. "रोज पाणी बदलावं लागंल त्यात."

"सहा दिवसांचा तर प्रश्न आहे. देवाजवळ आहे तो, त्याला काय होतंय?"

त्यांनी माशाला वाटीने उचलून भांड्यात सोडलं आणि भांडं माझ्या हातात दिलं.

पहिल्या दिवशी काय कौतुक झालं! येणारा प्रत्येक जण गणपतीला हात जोडायचा आणि माशाकडे बघत बसायचा. बिल्डिंगमधल्या पोरांनी प्रसादाचं खोबरं भांड्यात टाकलं. कोणीतरी दूर्वा टाकल्या. एका बाईंनी तर भांड्यालाच हळदीकुंकू लावलं, त्यातलं निम्मं पाण्यात पडलं. एका बाजूला समई, दुसऱ्या बाजूला दिव्यांच्या माळा, भांडं कोमट झालं होतं. हे माझ्याकडे बघायचे, मग मखराकडे बघायचे. मी पाहुण्यांना चहा देत होते, लोक आरास छान म्हणत होते, आणि मी खूश होते.

दुसऱ्या दिवशी मासा तळाशी बसला. पंख मिटलेले. पोरं विचारत होती, झोपलाय का. मी म्हटलं, हो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी फुलं घेऊन आतल्या खोलीतून जात होते. बघते तर हे रिकाम्या टाकीसमोर उभे. बादलीतलं मुरलेलं पाणी तांब्या-तांब्याने टाकीत घालत होते. फिल्टर चालू होता. आत नवं बदामाचं पान टाकलेलं होतं. टाकीत मासा नव्हता, आणि ते रोजच्यासारखं वाकून, काचेला डोळे लावून तापमान बघत होते. मी मागे उभी आहे हे त्यांना कळलं नाही. मी फुलं घेऊन तशीच परत स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. मला माझी लाज वाटली, पण नियम मोडायचा म्हणजे काय करायचं हेही सुचेना. दिवसभर मी उगाच भांड्यांवर राग काढला.

संध्याकाळी आरतीला शेजारचे जमले. हे टाळ वाजवत होते, आणि ज्यांचा ताल कधी चुकला नाही त्यांचा ताल चुकत होता. मी मखराकडे बघितलं. पाणी गढूळ झालं होतं, आणि मासा तळाशी कुशीवर आडवा पडला होता. निळा रंग राखेसारखा झाला होता. मग त्याने एकदाच जोर केला, वर आला, हवेचा एक घोट घेतला आणि पुन्हा खाली गेला.

आरती संपायची मी वाट बघितली नाही. पुढे झाले, भांड्यासमोर चार अक्षता वाहिल्या, मूर्तीकडे बघून म्हटलं, "ह्याची उत्तरपूजा आज. माझं चुकलं, ह्याच्यावर राग नको," आणि मखरात हात घालून भांडं उचललं. आरती थांबली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो बाई, हलवलंत?" मी म्हटलं, "हलवलं." आणि सरळ आत चालू लागले. मागून आरती पुन्हा सुरू झाली.

हे माझ्या आधी टाकीपाशी पोचले होते. त्यांनी भांड्यातलं निम्मं पाणी ओतून दिलं आणि टाकीतलं पाणी छोट्या वाटीने भांड्यात घालायला सुरुवात केली. एक वाटी घालायची, थांबायचं, पुन्हा एक वाटी. एकदम सोडला तर धक्का बसतो म्हणे. मी शेजारी स्टुलावर बसले. बाहेर प्रसाद वाटला गेला, लोक निघून गेले, आमच्यापैकी कोणीच उठलं नाही. शेवटी त्यांनी जाळी न वापरता, पंख फाटू नयेत म्हणून, वाटीनेच त्याला टाकीत सोडलं. तो बदामाच्या पानावर जाऊन टेकला. पण कल्ले हलत होते.

"तुम्ही बोललात का नाही?" मी विचारलं. आवाज माझा चढलाच, पण राग माझाच मला आला होता. "तो मरत होता हे तुम्हाला दिसत होतं ना? मग भांडायचं माझ्याशी!"

ते पाण्याकडेच बघत होते.

"मला वाटलं, होईल सवय," ते म्हणाले. "मला झाली तशी. पण त्याला नाय झाली गो."

ते रागाने म्हणाले नव्हते. रागाने म्हणाले असते तर मी भांडून मोकळी झाले असते. मला तो दोरा बांधलेला चष्मा आठवला. इतकी वर्षं ती गोष्ट मी सांगायची तेव्हा हे हसायचे, आणि मी त्यांच्याकडे कधी नीट बघितलंच नव्हतं.

मासा जगला. दुसऱ्या दिवशी गौरी आल्या तेव्हा तो वर येऊन हळूहळू पोहत होता, विसर्जनाच्या दिवशी त्याने दोन दाणे खाल्ले. विसर्जन करून कुंडलिका नदीवरून रिकामा पाट घेऊन आम्ही घरी आलो, आणि काही दिवसांनी टाकीच्या एका कोपऱ्यात, पानाखाली, पाण्यावर बारीक फेस दिसला. मी साबण पडला म्हणून ओरडणार होते. ह्यांनी सांगितलं, फायटर खूश असला की असं फेसाचं घरटं बांधतो. मादी नसली तरी बांधतो. आम्ही दोघं बराच वेळ ते बघत बसलो.

यंदाही पाट पेणला दिला, यंदाही मूर्ती आली. आरास साधीच केली, कागदाचे मासे लावले. गुरुजी आले, पूजेची तयारी झाली, हे सोवळं नेसून पाटावर बसले. गुरुजी मंत्र सुरू करणार तेवढ्यात मी म्हटलं, "थांबा जरा."

आणि ह्यांना विचारलं, "अहो, तुमचं काही आत राहिलंय का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हात वर करून नाकावरचा चष्मा चाचपला.

"नाय," ते म्हणाले. "माझ्याजवळच हाय."