झाकणाची बादली

आमच्या गल्लीत दोन उन्हाळे एक गोष्ट कुजबुजली जात होती. नगरपालिकेचा आवारनिरीक्षक रोज पहाटे साडेपाचला कोपऱ्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांच्या घरात मागच्या दाराने शिरतो, आणि मास्तरांच्या पत्नी, म्हणजे बाई, त्याला झाकणाच्या बादलीत दिवसभराचं जेवण भरून देतात. बदल्यात त्यांच्या गेटवर नियम मोडल्याची चिठ्ठी लागत नाही. हे पाहिलं होतं पडदेवहिनींनी, म्हणजे ज्यांच्या खिडकीचा पडदा बाराही महिने चार बोटं सरकलेला असतो त्यांनी. आत जाताना बादली हलकी, बाहेर येताना जड. खांदा एका बाजूला झुकायचा म्हणे. मीही ही गोष्ट दोघातिघांना सांगितली, आणि आहे तशी सांगितली नाही. कालवणाचा वास माझ्या पदरचा.

या माणसाला आम्ही 'नाक' म्हणत असू. नाव काहीतरी होतं, पण ते पगारपत्रकापुरतं. सायकल वळणावर दिसली की "नाक आलं, नाक आलं" अशी बातमी घराघरांतून पुढे जायची आणि सगळीकडून झाकणं आपटल्याचे आवाज यायचे. उंच, वाळका, टाचेपर्यंत इस्त्री केलेला. खिशात स्पिरिटचा कापूस. कशालाही हात लावला की बोट पुसायचा, पुसलेला कापूस कागदात गुंडाळायचा, कागद दुसऱ्या खिशात. अशा माणसाने कचऱ्याच्या खात्यात नोकरी का धरावी, हे कोडं मला बरीच वर्षं होतं. एकदा विचारलं तर म्हणाला, "काका, दुसऱ्या खात्यात गेलो असतो तरी घाण होतीच. इथे निदान तिच्याविरुद्ध कागद आहे."

तो कागद म्हणजे उन्हाळी नियमांचं गुलाबी पत्रक. ऊन तापायला लागलं की घरोघर वाटलं जायचं. सतरा नियम. गवत घोट्याच्या वर नको. सम आकड्याच्या घरांनी सम तारखेलाच झाडांना पाणी घालावं. कूलर, बादल्या, कुंड्यांखालच्या ताटल्या दर शनिवारी ओतून कोरड्या कराव्यात. अकरा ते पाच या वेळात कचऱ्याचं झाकण काढू नये. डबा कचऱ्याच्या गाडीच्या दिवशी सकाळी सहानंतरच गेटबाहेर ठेवावा, आणि डबा व झाकण यांच्या फटीत बोट शिरता कामा नये. चौदावा नियम असा, की ज्या घरात आजाऱ्याची घाण निघते त्या घराने वेगळा डबा ठेवून त्यावर लांबून दिसेल अशी लाल चकती चिकटवावी. नियम मोडला की गेटवर पिवळी चिठ्ठी. तीन चिठ्ठ्या झाल्या की अंगणातला नळ आठ दिवस सीलबंद.

आणि लोक काय लायकीचे होते ते सांगतो, म्हणजे नाकाची बाजू कळेल. औषधवाल्याच्या मागच्या अंगणात पोरांसाठी फुगवलेला पोहण्याचा हौद होता. पोरं दोन दिवस पोहली आणि कंटाळली. पाणी तसंच राहिलं. तिसऱ्या आठवड्यात त्यावर हिरवी साय धरली, सायीत मेलेला सरडा पोट वर करून तरंगत होता, आणि बाकीचं पाणी वळवळत होतं. ज्याच्या दुकानात तापाच्या गोळ्या मिळतात त्याच्याच अंगणात ताप पाळलेला. पडदेवहिनींचा डबा गाडीच्या आदल्या संध्याकाळीच बाहेर. त्यात कलिंगडाच्या साली, मासळी धुतलेलं पाणी आणि त्यांच्या मांजराने जे जे नाकारलं ते सगळं. सकाळपर्यंत कुत्र्यांनी डबा आडवा केलेला आणि सालींवर तांदळाच्या दाण्यांएवढे पांढरे किडे. तांदूळ वाटून मी एकदा वाकून पाहिलं, आणि त्या दिवशी ताटातला भात तसाच टाकला.

नाक वाकायचं, बोट फटीत घालून बघायचं, तोंड कसनुसं करायचं आणि चिठ्ठी फाडायचं.

"अहो साहेब, एवढं काय त्यात? कचरा आहे, कचऱ्यासारखा दिसणार," पडदेवहिनी म्हणायच्या.

"वहिनी, दिसण्याबद्दल मी काही बोललोच नाही. तो चालतोय."

औषधवाल्याला त्या उन्हाळ्यात तिसरी चिठ्ठी लागली आणि नळाला सील बसलं. गिऱ्हाइकासमोर सील. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बैठक भरली.

"आम्हाला तीन चिठ्ठ्या, आणि मास्तरांच्या गेटवर दोन वर्षांत एक नाही," तो म्हणाला. "मास्तरांचे पाय गेल्यापासून ते बाहेर दिसत नाहीत. बाई एकट्या. तिथे सगळं सोवळंच असतं की काय?"

"सोवळं कसलं," पडदेवहिनी म्हणाल्या. "भरलेली बादली असते. मी रोज बघते."

"रोज?"

"झोप लागत नाही मला. पहाटे गार वारा घ्यायला बसते."

"मग धरूया की त्याला," औषधवाला म्हणाला. "भरल्या बादलीसकट."

आणि धरलं. दुसऱ्या दिवशी पहाटे औषधवाला मागच्या गल्लीत उभा राहिला आणि नाक बादली घेऊन बाहेर पडताच त्याने सायकलचं हॅन्डल पकडलं. "चला साहेब, ऑफिसात. तिथेच उघडू." मी आणि पडदेवहिनीही मागोमाग गेलो. एवढी मेजवानी कोण सोडणार?

प्रभाग कार्यालय दहाला उघडलं, मुख्य अधिकारी साडेअकराला उगवला. तोवर आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर, मध्ये बादली. पत्र्याची, झाकणाखाली सायकलच्या ट्यूबचं रबर कापून बसवलेलं, वरून तारेने आवळलेली. ऊन चढत होतं. कार्यालयाच्या स्वतःच्या मोरीची दुर्गंधी डोक्यात जात होती. कोपऱ्यात कुणीतरी थुंकून थुंकून भिंतीचा रंग बदललेला, आणि बाकाखाली कुणाचं तरी अर्धं खाल्लेलं केळं माश्यांनी काळं झालेलं. त्या बादलीचा मात्र कसलाही वास नव्हता. पडदेवहिनींनी दोनदा नाक जवळ नेलं. "कालवण नाही, कोरडं असणार," म्हणाल्या.

आत अधिकाऱ्याच्या टेबलावर काचेखाली तेच गुलाबी पत्रक. त्याने तक्रार वाचली, चष्मा वर केला.

"बादलीत काय आहे?"

"घाण," नाक म्हणालं.

"कुणाची?"

"माझ्या हद्दीतली."

"जेवण नाही ना?"

"नाही."

"मग उघडून दाखवा आणि मोकळे व्हा. पाच मिनिटांचं काम."

नाकाने घड्याळ पाहिलं. "पावणेबारा झालेत. अकरा ते पाच झाकण काढायला मनाई आहे. खाली सही आपली आहे."

औषधवाला हसला. अधिकारी हसला नाही. पंख्याखालचे कागद त्याने हाताने दाबून धरले आणि आवाज उतरवला. "हे बघा, तुमच्याविरुद्ध आजवर एक अक्षर नाही. मला हे प्रकरण नको आहे. उघडा. नाही उघडलीत तर मी समजायचं ते समजेन, आणि उद्यापासून हा प्रभाग तुमचा नाही. डेपोवर गाड्या मोजायला जाल."

डेपो म्हणजे शहराबाहेरचा कचऱ्याचा डोंगर. तिथे उन्हाळ्यात धुमसतं, आणि पाच मिनिटं उभं राहिलं तर कपड्यांचा वास दोन धुण्यांत जात नाही. बोटाला डाग लागला तर कापूस काढणारा माणूस. त्याचा हात तारेपर्यंत गेलाही. मग त्याने तो परत घेतला, खिशातून कापूस काढून बोटं पुसली आणि म्हणाला, "चार माणसांत मी झाकण काढणार नाही. लिहा काय लिहायचं ते."

अधिकाऱ्याने लिहिलं. बाहेर येताना औषधवाल्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "बघितलंत काका? खाल्लेलं पचलं नाही."

बदली झाली, गोष्ट सिद्ध झाली. आमची ही तेवढी म्हणाली, "जेवण असतं तर त्याने तिथेच उघडून सगळ्यांना वाढलं असतं. जेवणाची कुणाला लाज वाटते?" मी तिला गप्प केलं. चांगली गोष्ट अशी मध्येच मोडू नये, असं मला तेव्हा वाटायचं.

नवा निरीक्षक हसरा होता. चहा घ्यायचा, डब्यांकडे बघायचा नाही. महिन्याभरात गल्लीला रया राहिली नाही. औषधवाल्याच्या हौदात साय परत धरली. पडदेवहिनींच्या मांजराने रस्त्यावर ओकून ठेवलं ते चार दिवस तिथेच वाळलं, आणि त्यावरून जो तो उडी मारून जायचा, मी धरून. कुंड्यांखालच्या ताटल्या भरलेल्या. मग ताप आला, एका ओळीत सात घरांत. औषधवाल्याने गोळ्या विकल्या आणि स्वतः घेतल्या.

नाक डेपोवर गाड्या मोजत होतं. पण पहाटे साडेपाचला सायकल मागच्या गल्लीत यायचीच. औषधवाल्याच्या तापात तिला अडवायला कुणी नव्हतं. पडदेवहिनी म्हणाल्या, "आता चिठ्ठीही त्याच्या हातात नाही. मग बाई कशाला खाऊ घालतात?" हा प्रश्न मात्र कुणी पुढे नेला नाही.

उन्हाळा सरायच्या आत हेडमास्तर गेले. तेराव्या-चौदाव्या दिवशी बाई आमच्याकडे येऊन बसल्या आणि हिच्यापाशी बोलल्या. मी आतल्या खोलीत होतो, ऐकू येत होतं. बदली झाल्याचं कळल्यावर त्या कार्यालयात जाऊन खरं सांगायला निघाल्या होत्या. नाकाने त्यांना फाटकात अडवलं होतं. "तुम्ही तिथे तोंड उघडलंत तर मी परत येऊन तुमच्याच गेटवर चिठ्ठी लावीन." त्यांनी विचारलं होतं, एवढं का करता, आमची दया येते म्हणून? तो म्हणाला होता, "दया नाही हो बाई. मला किळस येते. त्या डब्याची येते, आणि लाल चकती बघून जी तोंडं तुमच्या गेटपाशी गोळा होतील त्यांची जास्त येते."

बादलीत जेवण कधीच नव्हतं. शेवटचे चौदा महिने हेडमास्तरांना शौच-लघवीचा ताबा राहिला नव्हता, आणि बाई जुन्या चादरी फाडून त्यांना बांधत होत्या. अर्ध्या गल्लीला ज्यांनी छडीने शिकवलं, त्यांना फाटकापाशी लाल चकती नको होती. बादलीत ती खराब झालेली फडकी असायची. नाक ती डेपोवर नेऊन टाकत होतं.