आबा रंगमंचावर चढले

सावद्याहून सकाळची एसटी निघाली. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, आणि शेजारी आबा, म्हणजे माझे वडील, इस्त्रीच्या सदऱ्यात अवघडून बसलेले. धुळ्यात तरुण रंगकर्मींना देतात तो पुरस्कार मला मिळाला होता, एकांकिकेतल्या म्हातारीच्या भूमिकेसाठी. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यात हे नाटक. आबांनी माझं काम कधी पाहिलेलं नव्हतं. "एकदा पाहतो, मंग ठरवू," एवढंच ते म्हणाले होते. ठरवायचं म्हणजे, मी नाटक करायचं की सोडायचं.

जळगावनंतर गिरणेचा पूल आला, मग एरंडोल. केळी मागे राहिली, कपाशी सुरू झाली. बोलीही बदलली. पारोळ्याला चढलेल्या एका अक्कांनी विचारलं, "कोठे जाई राहिनी, बहीन?" नाटकाचं बक्षीस घ्यायला, असं मी चाचरत सांगितलं.

"मंग तोंड वर करीसन सांग ना!"

धुळ्यात शेवभाजी खाताना आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आपल्या वांग्याच्या भरताची सर नई," म्हणाले, आणि पुन्हा रस्सा मागितला.

सभागृहात माझं नाव पुकारलं. मी उठले, तसे आबाही उठले आणि मागोमाग पायऱ्या चढले. प्रमुख पाहुण्यांनी मला पुरस्कार दिला, तशी आबांनी पिशवीतून टॉवेल-टोपी काढली.

"काका, सत्कार ताईंचा आहे," निवेदक गोंधळून म्हणाले.

"हो ना. त्याहीनं पोरीले देलं, आपुन रिकाम्या हाती कसं घेवाचं?"

आमच्याकडे मान घेतला की मान द्यायचा असतो. पाहुण्यांनी हसून डोकं वाकवलं, आबांनी त्यांना टोपी घातली. खाली उतरा असं कोणी म्हणालं नाही, म्हणून ते तिथंच उभे राहिले.

मग इतर विजेत्यांसारखा मलाही भूमिकेतला तुकडा करायला सांगितला. मी कमरेत वाकले आणि म्हातारीच्या आवाजात नवऱ्यावर ओरडले, "बसले का ओट्यावर? केळीले पानी कोन सोडीन?"

"सोडलं ना व सकायीच!" आबा बोलून गेले.

सभागृह हशानं दणाणलं. पुढचं वाक्य मला आठवेना. पण म्हातारीच्या तोंडून आपोआप निघालं, "मंग सांगता काऊन नई?" आबांनी मान खाली घातली, घरी आईपुढे घालतात तशीच.

परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेरच पाहत राहिले. चारचौघांत आपण त्यांचं हसं केलं, आता नाटक सुटलं, असं मला वाटत राहिलं. विचारायचा धीर होईना. गिरणेचा पूल ओलांडल्यावर तेच म्हणाले, "मले वाटलं, तुही मायच बोल्ली."

मी त्यांच्याकडे वळले.

"पुढच्या टायमाले मी खालीच बसीन. तिलेबी आनू. पन तिले आधीच सांगून ठेवजो, मधी बोलाचं नई."

धुळं शहर मला नीट पाहता आलं नाही. त्याची खंत वाटली नाही. आबांनी 'पुढच्या टायमाले' म्हटलं होतं.