उपवास मोडणं, उपवास सोडणं

इस्पितळाच्या कँटीनची पाटी अरुंद होती. रंगाऱ्याने वरच्या ओळीत ‘ब्रेक-’ आणि खालच्या ओळीत ‘फास्ट’ लिहिलं होतं. माझ्यापुढे पोहे होते. बाबांना ऑपरेशनला नेल्यापासून आई मात्र नुसत्या पाण्यावर होती. ती पाटीकडे पाहत होती.

“फास्ट म्हणजे जोरात ना रे?”

“उपवासही. ब्रेक म्हणजे मोडणं.”

“आपण उपवास सोडतो. मोडत नाही.”

मला ते पटलं. मोडताना माणूस थकलेला असतो; सोडताना त्याचं कुणीतरी ऐकलेलं असतं.

इतक्यात नर्स आली. बाबा शुद्धीवर आले होते, आईला विचारत होते. आईने डोळे मिटून हात जोडले, माझी बशी जवळ ओढली आणि पहिला घास मलाच भरवला.