अकारविल्हे

ब्रह्मदेवाने सृष्टी अकारविल्हे निर्माण केली नाही, याबद्दल आमच्या कचेरीतल्या बडे बाबूंनी त्याला अखेरपर्यंत माफ केले नाही. यादी म्हटली की ती अ-पासून ज्ञ-पर्यंत ओळीने लागलीच पाहिजे, हा त्यांचा नियम. तो कागदापुरता असता तर मी ब्र काढला नसता! पण दुपारी डबे खायला आम्ही अकरा जण बसायचो, तेही नावांच्या क्रमाने. माझे नाव 'ह'चे, म्हणून बारा वर्षे मी दाराशी चपलांच्या वासात पोळी खाल्ली. 'अ'चे बडे बाबू दुसऱ्या टोकाला, पंख्याखाली. त्यांच्या घरच्या फडताळातले डबेही याच शिस्तीत. वहिनी एकदा कावून म्हणाल्या, "जिरा या टोकाले, मोहरी तिकडं, हळद पार कोपऱ्यात. फोडणी जळून जाते भाऊजी, पण यांचा क्रम नाई हालत!"

कचेरीत तर माझे टेबल त्यांच्या टेबलाला लागून, म्हणजे सुटका नाहीच. त्या काळी सारे हाताने लिहायचे: डावीकडे खातेदाराचे नाव, उजवीकडे गटनंबर. दोनशे नावांत एक जरी वरखाली झाले, तरी कुठे चुकले हे सांगायची तसदी ते घेत नसत. कोपऱ्यात लाल फुली मारायची आणि यादी माझ्याकडे सरकवायची, बस्स! मध्ये एक नाव घुसवायचे तर अख्खे पान नव्याने लिहा. मी एकदा तडकलो, "नाव आहे, नंबर बरोबर आहे, मग वर काय नि खाली काय?" ते शांतपणे चष्मा पुसत म्हणाले, "छोटे बाबू, अड्याळवरून मानूस उन्हातान्हात येते. त्याचं नाव सापडाले वेळ लागला, त आपली यादी काय कामाची?" उत्तर बिनतोड होते, त्यामुळे माझा संताप आणखीच वाढला.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी धरणात जाणाऱ्या एका गावाची यादी आली. नव्या गावठाणातले भूखंड यादीच्या क्रमानेच वाटायचे होते. गावाने नावे घरांच्या ओळीने लिहिली होती. त्या यादीने फुली खाल्ली आणि मी दोन दिवस मान मोडून ती अकारविल्हे उतरवली. तिसऱ्या दिवशी ती गावकऱ्यांना वाचून दाखवली, तशी वच्छला नावाची म्हातारी कचेरीत येऊन उभी राहिली. "बाबूजी, अनसूयेचं घर पयल्या ओळीत, अन् माहं पार त्या टोकाले टाकलं काहून? तिले डोळ्यानं दिसत नाई. आमची भित एकच हाय. सकाळी मी भितीवर थाप मारतो, मंग ते बाहेर येते. आता थाप कोनाच्या भितीवर मारू?"

मी बडे बाबूंकडे पाहिले. आता सांगा म्हणावे नियम! मग माझी करकरीत यादी, माझे दोन दिवस, त्यांनी बाजूला सारली, गावची मळकी यादी काढली आणि स्वतःच मारलेल्या फुलीखाली लाल शाईने लिहिले, 'ही यादी घरांच्या क्रमानेच ठेवावी. अकारविल्हे लावू नये.' खाली सही केली.

"साहेब विचारतील," मी म्हणालो.

"इचारू द्या. मी सांगीन."

साहेबांनी विचारले, यांनी सांगितले, आणि दोघी म्हाताऱ्यांना लागूनच भूखंड मिळाले. माझ्या दोन दिवसांबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. दुसऱ्याच दिवशी माझ्या पुढच्या यादीवर फुली होती.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. शेवटच्या दुपारी आम्ही डबे उघडले, तर पंख्याखालची जागा रिकामी. बडे बाबू डबा घेऊन थेट चपलांपाशी आले.

"सरका थोडं."

"अन् क्रम?" मी चिडूनच विचारले.

"बारा वर्सं आपली टेबलं लागून हायत," ते म्हणाले आणि त्यांच्या डब्यातले आंब्याचे लोणचे माझ्या पोळीवर वाढले. या माणसाला ऐकवायला मी बारा वर्षे किती काय साठवून ठेवले होते. मी नुसता सरकलो.