चौकटीवरची चांदणी

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्या बायांना मी आयुष्यभर तोंडावर खोटारड्या म्हणत आले. नातीने मोबाईलवर हे सदर वाचून दाखवलं, तेव्हाही निम्म्या गोष्टींना मी हसले. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण डोकं शाबूत आहे. करणी, भानामती, अंगात येणं... काही मानलं नाही. पण एक गोष्ट माझ्या स्वतःच्या घरात घडली आणि ती मी उघड्या डोळ्यांनी पाहिली. नात म्हणाली, लिही. म्हणून लिहिते.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. माझा नवरा रेल्वेत पॉइंट्समन, म्हणजे रूळ बदलणारा. शेगावजवळ मेन लाईनवर एक लहान स्टेशन होतं, तिथे आम्हाला क्वार्टर मिळालं होतं. एक खोली, कोपऱ्यात चूल, गजांची एक खिडकी आणि पुढे ओटा. दार एकच. हे दार ध्यानात ठेवा.

शेजारी तारबाबूचं बिऱ्हाड. माणसं कोकणातली, अलिबागकडची. मराठी बोलायची, पण धर्माने यहुदी. बाईचं नाव एस्तेर. शनिवारी ती चूल पेटवायची नाही, म्हणून माझी सासू तिला शनवारवाली म्हणायची. "सुखी बाई हाय," म्हणायची, "हप्त्यातून एक दिवस नवऱ्याले शिळं घालते अन् तो देवाचं नाव घेऊन खाते." एस्तेरबाईला हे कळलं तेव्हा ती पोट धरून हसली होती.

माझी पहिली दोन बाळं बारशाच्या आत गेली. दोन्ही मुलगे. तिसऱ्या वेळी माहेरी जळगाव जामोदला पाठवायला नवरा तयार नव्हता, म्हणून सासू मोताळ्याकडच्या गावाहून येऊन राहिली. मी तिला आत्याबाई म्हणायची. मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी एस्तेरबाई कोळशाचा तुकडा घेऊन आली, स्टुलावर चढली आणि दाराच्या चौकटीवर, आतल्या बाजूने, सहा टोकांची चांदणी काढली. एक त्रिकोण वर टोक केलेला, एक खाली, एकात एक अडकवलेले. मी विचारलं, हे काय. ती म्हणाली, आमच्या आजीची रीत आहे, बाळंतिणीच्या खोलीत काढतात. मी म्हटलं काढा. दोन मुलं पुरलेल्या बाईला चांदणीने काय फरक पडतो?

मला वाटलं, आत्याबाई आता घर डोक्यावर घेणार. पण तिने वर पाहिलं आणि हात जोडले.

"हे तं देवीचं यंत्र हाय," ती म्हणाली. "आमच्या देवळात तांब्याच्या पत्र्यावर असंच कोरेल हाय. बरं झालं वं. पाचवीले सटवाई आली का तिले बसाले जागा झाली."

त्या दोघींचं एकमेकींशी एवढं पटलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. कशावर पटलं, ते कोणी विचारलं नाही.

पाचवीच्या संध्याकाळी आत्याबाईने पाटा-वरवंटा पुजला, कोरा कागद आणि टाक ठेवला. सटवाई येते आणि पोराच्या कपाळी त्याचं सगळं लिहून जाते, असं आमच्याकडे मानतात. तिच्या माहेरची आणखी एक रीत होती. ओट्यावर ज्वारीचं पीठ पसरायचं, म्हणजे सटवाईचं पाऊल उमटतं. तिने अख्खा ओटा पांढरा केला. मी मनात म्हटलं, पीठ वाया.

सकाळी आत्याबाईने दार उघडलं आणि मला हाक मारली. पिठात पावलं होती. बाईची, अनवाणी, लहान. ओट्याच्या कडेपासून दारापर्यंत आलेली. उंबऱ्यापाशी दोन्ही पावलं जोडून थांबलेली. आत एक कण पीठ नाही. आणि परत जाणारं पाऊल... एकही नाही. मी माझं पाऊल शेजारी ठेवून पाहिलं, माझं मोठं होतं. आत्याबाईचे पाय तर सुजलेले. एस्तेरबाई घरातसुद्धा चपला घालायची. ओटा ओलांडल्याशिवाय जायला वाट नव्हती आणि पीठ बाकी कुठेही मोडलेलं नव्हतं.

आत्याबाई तशीच एस्तेरबाईकडे गेली आणि चांदणी कशासाठी काढली म्हणून विचारलं. एस्तेरबाईने सरळ सांगितलं. त्यांच्यात म्हणतात, एक बाई नवीन बाळाच्या खोलीत शिरते आणि बाळ घेऊन जाते. तिने शिरू नये म्हणून ही खूण.

"आसन नाही हो ते," ती म्हणाली, "कडी आहे. आतून लावलेली."

मग जे भांडण झालं ते स्टेशनपर्यंत ऐकू गेलं. आत्याबाईचं म्हणणं, सटवाई दारातून अडवली, आता पोराच्या कपाळी काहीच लिहिलं गेलं नाही, पुसून टाक. एस्तेरबाई म्हणाली, तुमची ती लिहायला येते की न्यायला, हे तुम्हाला कोणी सांगितलं? दोन मुलांच्या वेळी आली होती ना? काय लिहून गेली?

आत्याबाई मला म्हणाली, "पुसतं का नाही?"

मी नाही म्हटलं. विश्वास होता म्हणून नव्हे. पोरगा दूध पीत होता. आधीच्या दोघांनी पाचव्या दिवशी छाती सोडली होती.

नाव किसना ठेवलं. महिना उलटला तसा त्याला ओट्यावर घेऊन गेले. उंबरा ओलांडला आणि तो माझ्या हातात ओल्या फडक्यासारखा पडला. ओठ काळेनिळे, श्वास नाही. मी उलट आत पळाले, तसा रडायला लागला. पुन्हा नेलं, पुन्हा तेच. नवऱ्याने नेऊन पाहिलं, तेच. शेगावहून डॉक्टर आणला. त्याने नळी लावून ऐकलं आणि म्हणाला, छाती चांगली आहे, पोराला जरा ऊन दाखवत जा.

मग आम्ही त्याला बाहेर नेणं सोडलं. मी मानत काहीच नव्हते, पण नेतही नव्हते. आत तो चांगला वाढला. रांगायला लागल्यावर उंबऱ्यापाशी जाऊन बसायचा आणि वर पाहायचा. बाहेर कोणी उभं असलं तर त्याचं तोंड जिथे येईल, बरोबर तिथे. हसायचा नाही, घाबरायचा नाही. कोणाचं ऐकत असल्यासारखा बसायचा.

त्या दिवसांत मी एस्तेरबाईला विचारलं, ही खूण तुमच्यात आली कुठून. ती म्हणाली, आमच्या दावीद राजाच्या ढालीवर होती म्हणतात, पण पोथीत कुठे लिहिलेलं नाही, आजी काढायची म्हणून मी काढते. आत्याबाईच्या गावच्या गुरवालाही विचारून घेतलं. तो म्हणाला, वर टोक तो शंकर, खाली टोक ती पार्वती, दोघांची मिळून सृष्टी. त्यालाही बापाने सांगितलेलं. त्याच्या बापाला कोणी सांगितलं, ते त्याला ठाऊक नव्हतं. म्हणजे मुळापर्यंत कोणालाच माहीत नाही आणि माझं पोर त्या दोन त्रिकोणांच्या आत बसलेलं.

मग बदलीची ऑर्डर आली. भुसावळच्या पलीकडे. नवऱ्याने साहेबाचे पाय धरले, पण कारण काय सांगणार? पोर उंबऱ्याबाहेर जगत नाही म्हणून? नवीन माणूस बायको-मुलांसह येऊन झाडाखाली सामान टाकून बसला. चुना मारणारा बादली घेऊन आतच येऊन थांबला, क्वार्टर रिकामं झालं की लगेच मारायचा हुकूम होता. एस्तेरबाईने आदल्या दिवशी किसनाच्या झबल्यावर निळ्या दोऱ्याने तीच चांदणी भरून दिली होती. आत्याबाईने त्याच्या कपाळाला देवीचा अंगारा लावला. आता त्या दोघी भांडत नव्हत्या.

मी दाराशी किती वेळ उभी होते कोण जाणे. नवरा बाहेरून म्हणाला, "चाल आता. गाडी काही थांबनार नाही."

मी उंबरा ओलांडला. किसना हातात लुळा पडला. मी तशीच मागे वळले आणि आत शिरले. मधे काही वेळ गेलाच नव्हता... पण चुनेवाला स्टुलावर चढला होता. चौकटीवरून कुंचा एकदा फिरला होता. तिथे ओला पांढरा पट्टा होता, बाकी काही नाही.

तो म्हणाला, "बाई, निंगाल्या होत्या ना तुमी?"

या वेळी किसना रडला नाही. मी त्याला हलवलं, उलटा धरला, तोंडात फुंकर घातली. एस्तेरबाई धावत आली, हातात कोळसा घेऊन ओल्या चुन्यावर रेघ ओढायला लागली. कोळसा उमटेना. ती तरी ओढतच राहिली. शेवटी तारबाबूने तिचा हात धरून तिला खाली उतरवलं.

आम्ही त्याला तिथल्याच नदीकाठी पुरला आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने गेलो. भुसावळच्या एका डॉक्टरने पुढे सांगितलं, काळजाला जन्मतःच भोक असेल, तिघांच्याही. नवऱ्याने ते मानलं. एस्तेरबाई पुढे इस्रायलला गेली, ती चुन्याला दोष देत गेली. आत्याबाई मरेपर्यंत चांदणीला दोष देत होती. मी कोणाचंच मानलं नाही, कारण कोणाचंही मानलं तरी पोर परत येत नव्हतं. पुढे मूल झालं नाही. मी जिला नात म्हणते ती दिराच्या मुलाची मुलगी.

फक्त एकदा, आत्याबाई अंथरुणाला खिळलेली असताना, मी तिला विचारलं होतं.

"आत्याबाई, सटवाई आत आलीच नाही. पोराच्या कपाळी काहीच लिहेल नव्हतं. मंग त्याचं मरन कोनं लिहिलं?"

ती बोलणारी बाई. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि पाणी मागितलं.