कार्डावरचा शब्द

काकांनी खिशातलं पेन काढलं आणि माझ्या कार्डावर, नावाखालच्या 'रिअल्टर' या शब्दावर आडवी रेघ मारली. मग ते कार्ड गिऱ्हाइकाच्या हातात परत दिलं. माझ्यासमोर.

अमेरिकेत, पार्सिपनीत एक विकाऊ घर दाखवायचं ओपन हाउस. पुण्याहून आलेलं आयटीतलं जोडपं. तासभर माझ्याशी छान बोलत होते. बेसमेंटमधली ओल मी लपवली नाही, म्हणून खूश होते. मग बाईंनी आडनाव आणि गाव विचारलं. मी सांगितलं. "नागपुरात कुठे?" तेही सांगितलं. बाईंचा चेहरा बंद झाला. त्या काकांकडे वळल्या. काका म्हणजे माझे ब्रोकर, ऑफिसचे मालक; माझं लायसन्स त्यांच्या हाताखाली.

"या आमच्या मदतनीस," काका म्हणाले. "रिअल्टर हा ट्रेडमार्क आहे. कोणीही उठून लावायचा नसतो."

ते हसले. मीही हसले. माझ्या त्या हसण्याची मला अजून किळस येते.

मी तो शब्द उठून लावला नव्हता. लायसन्स मिळालं की माणूस घरं विकणारा एजंट होतो. रिअल्टर म्हणवायचा हक्क फक्त एजंटांच्या संघटनेच्या सभासदाला. मी सभासद होते. हात वर करून आचारसंहितेची शपथ घेतली होती. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, हे नाव कोणाला नात्यानं मिळत नाही. मी ते वहीत लिहून घेतलं होतं. आमच्या ऑफिसात मात्र काकूंच्या कार्डावर हाच शब्द ठळक छापलेला. काकूंकडे नुसतं लायसन्स. सभासद त्या कधी झाल्याच नाहीत.

जोडपं वरच्या बेडरूम बघायला गेलं. काका म्हणाले, "तोवर ती बुटांवरची कव्हरं गोळा कर."

मी वाकले. दोन उचलली. तशीच उभी राहिले.

"काका, मी सभासद आहे. काकू नाहीत. कार्ड त्यांचं बदला."

"तुला मी उभं केलं," काका म्हणाले. "तुमच्या लोकांना जरा जवळ केलं की..."

वाक्य पुरं करायची गरज नव्हती. कव्हरं किचनच्या ओट्यावर ठेवली आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी लायसन्स पिस्कॅटवेच्या एका ब्रोकरकडे हलवलं. काकूंचं कार्ड जोडून संघटनेकडे लेखी तक्रार केली. ते घर त्या जोडप्यानं काकांकडूनच घेतलं. इथल्या मराठी मंडळातल्या ओळखीच्या बायका ग्रोसरीच्या दुकानात मला बघून दुसऱ्या रांगेत जाऊ लागल्या.

काकूंचा फोन आला. "घरातलं भांडण गोऱ्यांच्या दारात कशाला नेतेस गं? मागे घे ना."

"काकू, तुमच्या घरात मी कधी होते?"

तक्रार मागे घेतली नाही. सुनावणीचं पत्र आलंय. एकटीच जाणार आहे. कार्डाचं सांगेनच. पण रेघ का मारली तेही सांगणार. जात हा शब्द मराठीतच उच्चारणार. सुनावणी घेणाऱ्यांना तो कळला नाही, तर कळेपर्यंत सांगणार.