काळियाला बांधलेला कृष्ण

देव कधी झोपत नाहीत, असं आपण श्रद्धेने म्हणतो. पंचांग मात्र तसं म्हणत नाही. पंचांगाप्रमाणे विष्णू आषाढी एकादशीला झोपतात आणि थेट कार्तिकीला उठतात. म्हणजे गोकुळाष्टमी त्यांच्या ऐन झोपेत येते. त्या वर्षी शिक्षकांच्या बैठकीत मी हे बोलून दाखवलं. मुख्याध्यापकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला बालसुरक्षा व विश्रांती समितीचा अध्यक्ष केलं.

समितीचं कारण म्हणजे वरून आलेलं परिपत्रक. वेशभूषेच्या कार्यक्रमात लहान मुलांच्या सुरक्षिततेची आणि पुरेशा विश्रांतीची काळजी घ्यावी, आणि घेतल्याचा फोटो पाठवावा, असं त्यात होतं. समितीत अध्यक्षाखेरीज कुणी नव्हतं. दिवस सुटीचा होता, त्यामुळे झाडून सगळी शाळा हजर होती.

आमची शाळा सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यालगत. गावातली आणि पलीकडच्या बंजारा तांड्यावरची मुलं तिथे एकत्र शिकतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गोकुळ उभं केलं होतं. तुषार सिंचनाच्या काळ्या पाइपांची वेटोळी घालून काळिया नाग केला होता, त्याचा फणा म्हणून काळी रंगवलेली सुपं. भुशाने भरलेल्या पोत्यांचा उंचवटा, आणि त्यावर कृष्ण. कृष्ण म्हणजे तांड्यावरची अंगणवाडीतली साडेचार वर्षांची मुलगी. तिला निवडण्याचं कारण एवढंच, की ती एका पायावर न हलता उभी राहू शकायची. गावातल्या कुठल्याच मुलाला हे जमत नव्हतं.

सकाळी आठला तिचा बाप तिला मोटारसायकलवर घेऊन आला. पहाटे पाचपासून तो तिला रंगवत होता. चेहरा, हात, छाती, पाय, नखंसुद्धा निळी. उन्हात चकाकत होती.

"सर, बघा कसा बसला रंग. घाम आला तरी उतरणार न्हाई."

मी म्हणालो, "छान." कसला तरी उग्र वास येत होता. ट्रॉलीच्या फाळक्यांना आदल्या दिवशीच रंग दिला होता, त्यामुळे मी पुढे विचार केला नाही.

नऊला विश्रांतीचा फोटो झाला. वर्गात सतरंजी अंथरून सगळ्या गोपगोपींना आडवं केलं. मुख्याध्यापक खुर्चीवर चढून सांगत होते, "हसू नका रे. झोपल्यासारखं करा. पेंद्या, डोळे!" सगळ्यांनी झोपल्यासारखं केलं. एकटा कृष्ण खरंच झोपला. फोटो झाल्यावर सगळे उठले, ती उठेना. तिला दोनदा हलवून मीच उठवलं आणि काखेत धरून ट्रॉलीवर नेऊन उभं केलं.

उंचवटा माझ्या छातीएवढा होता. पडू नये म्हणून मी तिच्या कमरेला उपरणं गुंडाळून ते मागच्या बांबूला बांधलं आणि वरून पीतांबर सारखा केला. मी शेतकऱ्याच्या घरचा; गाठ सुटणार नाही अशीच मारली. समितीच्या हातून झालेलं ते एकमेव काम.

पाहुणे दहाला येणार होते. दहाला फोन आला, "निघालेत." अकराला आला, "निघालेतच." बाराला कळलं, की वाटेत जवळा बाजार गावात त्यांचा सत्कार सुरू आहे. पाहुण्यांनी झेंडी दाखवून मिरवणूक सुरू करायची असल्यामुळे ट्रॉली रस्त्यावर कमानीखाली आणून ठेवली होती, आणि कमानीची सावली पडत होती पलीकडच्या गटारावर. साडेदहाला पावसाची एक सर येऊन गेली होती, त्यामुळे ऊन दमट आणि चावरं. मी दोनदा पाणी फिरवलं, बिस्किटं वाटली. मुकुट काढू का, म्हणून विचारलं.

"पाचच मिनिटं, सर," मुख्याध्यापक म्हणाले. "पुन्हा बांधत बसायला वेळ कुठाय?"

अशी पाच मिनिटं त्या दिवशी बरीच झाली. एक गोपी रडायला लागली म्हणून तिच्या आईने तिला उतरवून नेलं. बलरामाने नांगर टाकला आणि तोही खाली उतरला. कृष्णाची काही तक्रार नव्हती. ती जागच्या जागी उभी होती. बघणाऱ्या बायका म्हणत होत्या, "बाई, लेकरू किती शहाणं!"

साडेबाराच्या सुमाराला पेंद्या माझ्याकडे आला. दुसरीतला मुलगा, लंगडायचा पाय कोणता, हे विसरल्यामुळे तो दोन्ही पायांनी लंगडत होता.

"सर, किसन बोलून न्हाई राहिला."

"देव कशाला बोलेल तुझ्याशी?" मी म्हणालो.

"न्हाई सर. म्या तिला बिस्कुट देलं मघाशी. तोंडातच हाय तिच्या."

मी ट्रॉलीवर चढलो. ती उभी होती. बासरी दोऱ्याने बोटांना बांधलेली, ओठांवर रंगवलेलं लाल हसू, डोळे अर्धे उघडे. मी हाक मारली. पुन्हा मारली. गालाला हात लावला तर हाताला नुसता रंग लागला, कडक आणि गरम. लेकराचा चेहरा पांढरा पडलाय की लाल झालाय, ते एरवी दिसतं. इथे सगळं निळं होतं. ती झोपली होती की तिची शुद्ध गेली होती, हे मला कळेना. ती खाली कोसळली असती तर दोन घटका आधीच कळलं असतं. तिला कोसळू न देण्याची व्यवस्था मी केली होती.

"बाजूला व्हा, गुरुजी."

तिची आजी सकाळपासून कमानीजवळ बायकांत बसली होती. घागरा आवरून ती चाकावर पाय देऊन वर आली होती. तिने आधी नातीच्या तोंडात बोट घालून बिस्किटाचा लगदा काढून टाकला.

"सोडा हिला."

मी गाठीला हात घातला. पावसाच्या सरीने उपरणं भिजलं होतं, गाठ आवळली होती. नखं मोडली तरी सुटेना.

"काहून बांधलं असं? लेकरू हाय का वासरू?"

"पडू नये म्हणून."

"पडंना बी न्हाई अन् बसंना बी न्हाई!"

खालून मुख्याध्यापकांचा आवाज आला, "सर, गाड्यांची धूळ दिसायला लागलीय. एवढी झेंडी होऊ द्या!" मी एका बाईकडे विळा मागितला आणि उपरणं कापलं. मुलगी आजीच्या खांद्यावर पोत्यासारखी पडली.

म्हातारीने तिला तिथेच मांडीवर घेतलं. अंगठ्याने ओठ उलटून हिरडी दाबून पाहिली, खालची पापणी ओढून पाहिली. आजारी बैलाला पाहावं तसं ती सगळं पाहत होती, आणि मला त्या क्षणी त्यापेक्षा शहाणं काही सुचत नव्हतं. मग तिने तळपाय पाहिला. सबंध अंगात तेवढीच जागा कोरी होती.

"कढत हाय," ती म्हणाली. मग तिने नातीचा दंड हुंगला आणि मान वर करून, मागोमाग ट्रॉलीवर चढलेल्या लेकाकडे पाहिलं. "पोळ्याचा डबा फोडला का रे तू?"

पोळा आठ दिवसांवर होता. बैलांची शिंगं रंगवायला आणलेला तेलरंग घरात होताच.

"चांगल्या कंपनीचा हाय, याडी," तो म्हणाला. तांड्यावर आईला याडी म्हणतात. "बैलाला कधी काही झालं न्हाई."

"बैलाच्या शिंगाला लावतेत तो! शिंगाला काय घाम येतो?"

त्याचं तोंड एवढंसं झालं. गर्दीतून कुणीतरी मदतीला धावलं, "गाडीतलं पेट्रोल काढतो, मिनटात निघतंय!" तेव्हा मी ओरडलो. इतक्या मोठ्याने मी शाळेत आधी कधी ओरडलो नव्हतो. तो माणूस बाटली घेऊन जागच्या जागी थांबला.

उपकेंद्राच्या सिस्टरला फोन लावला. ती सुटीवर घरीच होती. "सावलीत न्या, हवा लागू द्या, कुशीवर निजवा. ओल्या कपड्याने पुसा. पेट्रोल, रॉकेल काही लावू नका, खायचं तेल लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. मी निघालेच."

वर्गात तीच सतरंजी अजून पसरलेली होती. खिचडीच्या खोलीतून तेलाचा डबा आणला. आजी तेल चोळत होती, बाप ओलं धोतर फिरवत होता, मी वहीने वारा घालत होतो. बाहेर ताशा वाजायला लागला. पाहुणे आले होते. आजी मुलीला नावाने हाका मारत होती, कधी मोठ्याने, कधी कानाशी. ताशा थांबला, माइक सुरू झाला. बालपण हीच राष्ट्राची संपत्ती आहे, असं कुणीतरी सांगत होतं. मुलगी हलत नव्हती. निळ्या रंगाखालून कपाळाचा रुपयाएवढा तुकडा मोकळा झाला. मी त्याच्याकडेच बघत बसलो होतो, कारण दुसरीकडे बघायला काही नव्हतं.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. बापाने धोतर पिळलं, त्याचं पाणी तिच्या पोटावर पडलं. तिने कपाळाला आठी घातली. त्या मोकळ्या तुकड्यावर आठी स्पष्ट दिसली. मग तिने एक डोळा उघडला आणि रागाने म्हणाली, "शू."

"कर, माय, इथंच कर," आजी म्हणाली आणि रडायला लागली.

तिने तिथेच केली.

तेवढ्यात सिस्टर आली. तपासून तिने मुलीला आरोग्य केंद्रात नेलं. संध्याकाळपर्यंत डॉक्टरांनी नजरेखाली ठेवलं. ऊन, वास आणि जागरण, तिन्ही एकदम झालं, असं ते म्हणाले. अंगावर आठवडाभर पुरळ राहिलं. कानामागचा रंग त्याहून जास्त दिवस राहिला.

ट्रॉलीवर कृष्ण नसल्यामुळे पाहुण्यांनी हार काळियाला घातला, असं मला नंतर कळलं. भाषणावर त्याचा परिणाम झाला नाही. परिपत्रकाला उत्तर म्हणून विश्रांतीचा फोटो गेला. त्यात एकच मूल खरं झोपलेलं आहे, आणि ते कोणतं, हे ओळखायला मला अजून वेळ लागत नाही. कापलेलं उपरणं मी घरी आणलं होतं. गाठ तशीच होती.

आठ दिवसांनी पोळा झाला. तांड्यावरची जोडी ताशाच्या कडकडाटात शाळेवरून गेली. मागून आजी चालली होती, खांद्यावर नात, एवढ्या गोंगाटात गाढ झोपलेली. तिला उठवायची कुणाची छाती झाली नाही. जोडीला नव्या झुली होत्या, गळ्यात घुंगरमाळा होत्या.

चार शिंगांपैकी एक निळं होतं. बाकी तिन्हींना रंग पुरला नव्हता.